तळ्याच्या काठाला मार्श मॅरिगोल्ड, नाशिकमध्ये जगेल का?

बागेतली_माती: नमस्कार मंडळी, गंगापूर रोडला घरामागे छोटं तळं केलंय, आठ बाय पाच फूट. मागच्या एप्रिलमध्ये लेकीकडे इंग्लंडला होते, तिच्या तळ्याच्या काठाला ही पिवळीधमक फुलं होती, चिखलातच उगवलेली, तेव्हापासून मनात बसलीत. ऑनलाइन बियांचं पाकीट मागवून दिवाळीनंतर झेंडूसारखंच कुंडीत पेरलं, रोज पाणी घालते, संक्रांत झाली तरी एक कोंब नाही. काय चुकलं?

हिरवा_कोपरा: ताई, झेंडूशी हिचं काही नातं नाही हो, नावातच तेवढं मॅरिगोल्ड. ही कॅल्था पॅलस्ट्रिस, रॅननक्युलसच्या कुळातली. बी झाडावरून पडल्या पडल्या ओल्या मातीत टाकायचं असतं, वाळलं की झोपी जातं, मग ओलं ठेवून दोनतीन महिने फ्रिजमधली थंडी द्यावी लागते. पण खरी अडचण पुढची आहे. आत्ता पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा वाटतं सगळं जगेल, मेमध्ये मात्र चाळीस होतं आणि एवढ्याशा तळ्याचं पाणी दुपारी कोमट लागतं, तिला मुळाशी गारवा हवा. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात उंचावर ओढ्याकाठी असते, तिथे पांढरी फुलंही दिसतात.

पाणवेडा_इंदिरानगर: सहमत. मी काठाला पिवळी कर्दळ लावलीय, मुळांवर चारेक बोटं पाणी असलं तरी मस्त वाढते, शेजारी वेखंड, आणि दगडांवर ब्राह्मी पसरू दिलीय. पाण्यात पिवळंच हवं असेल तर वॉटर पॉपी. कुंडीत नुसती काळी माती भरा, वर खडी, शेणखत अजिबात नको, पाणी हिरवं होतं. गप्पी मासे सोडाच, डासांसाठी. आणि जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका प्लीज, गोदावरीचं काय झालंय ते बघतोच आपण.

बागेतली_माती: खूप आभार दोघांचे. थोडं बी शिल्लक आहे ते फ्रिजमध्ये ठेवूनच बघते, मन मानत नाही.

हिरवा_कोपरा: जरूर ठेवा, ओल्या वाळूत, डबीत. रोपं आली तर उन्हाळ्यात पूर्ण सावलीत. आणि हिचा चीक अंगाला लागला तर खाज येते, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

बागेतली_माती: नातू येतो सुट्टीला, बरं झालं सांगितलंत. पिवळ्या कर्दळीचे कंद मिळतील का कुणाकडे?

पाणवेडा_इंदिरानगर: माझ्याकडे आहेत, गर्दीच झालीय. मेसेज करा, रविवारी खणून ठेवतो.