प्रतिसाद: अनलिमिटेड हॉटपॉट, तिखटाचं काय?
वर कुणीतरी लिहिलंय की आपण सोलापूरचे, काळ्या मसाल्यावर वाढलेलो, हॉटपॉटच्या त्या लाल रश्श्याला काय भ्यायचं (हॉटपॉट म्हणजे टेबलावर उकळत ठेवलेला चिनी रस्सा, त्यात आपणच एकेक जिन्नस शिजवून खायचा). तिखटापुरतं पटतं, पण त्यात नुसती मिरची नसते ना, सिचुआन मिरी पण असते आणि ती कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली, जीभ भाजत नाही तर झिणझिण्या येऊन बधिर होते. आणि एकदा बधिर झाली की पुढच्या प्लेटा काय खातोय तेच कळत नाही, मग अनलिमिटेडचे पैसे गेलेच की राव. मधे पडदी असलेलं भांडं मागायचं, एका बाजूला साधा रस्सा, मशरूम पालक टोफू आधी त्यात.

अजून एक, रस्सा उकळून आटत जातो तसा खारट होतो, शेवटी तर मीठच पिल्यासारखं, म्हणून अधूनमधून साधं गरम पाणी नाहीतर बिनमिठाचा स्टॉक ओतायला सांगायचं. नूडल्स अगदी शेवटी, त्यांच्या पिठाने सगळा रस्सा घट्ट होतो. आणि कच्च्या चिकनचा चिमटा वेगळा ठेवा, आमच्या टेबलावर सगळे एकच फिरवत होते, वेटरपण काही बोलेना.