ख्रिस्ती विद्यापीठात मीडियाचे शिक्षण: मुलीला पाठवावे का?

मिरजेचा पालक:
नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली असून तिला माध्यम आणि संवाद याच विषयात पदवी घ्यायची आहे. तिने बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठाचे नाव धरून ठेवले आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने एका रात्रीचा प्रवास आहे, त्यामुळे अंतराची मला फारशी काळजी नाही. अडचण घरातली आहे. ज्या माझ्या आईची तिन्ही बाळंतपणे इथल्या मिशनऱ्यांच्या वॉनलेस हॉस्पिटलमध्ये झाली, तीच आता म्हणते की पोरगी तिकडे जाऊन प्रार्थना म्हणायला लागेल. माझी शंका वेगळी आहे: एवढी फी भरून मुलगी नेमके काय शिकेल, आणि इंग्रजीत शिकलेल्या मुलीला आपल्या भागात काम करता येईल का? जाणकारांनी कृपया अनुभव सांगावा.

विश्रामबागची:
दादा, मी ख्राइस्टची विद्यार्थिनी नाही, परंतु दुसऱ्या एका शहरात ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेल्या संस्थेत हाच विषय शिकले आहे. आजींच्या शंकेचे उत्तर राज्यघटनेतच आहे. कलम २८च्या तिसऱ्या खंडानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मुलीला अठरा पूर्ण नसतील तर ही संमती तुमची धरली जाईल, म्हणून प्रवेशाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत. प्रत्यक्षात आमच्याकडे मूल्यशिक्षणाचा एक तास आणि समारंभाच्या आरंभी एक प्रार्थना, एवढेच असे. नाताळच्या गायनवृंदात मी आपणहून नाव दिले, कारण सरावाच्या दिवशी शेवटच्या तासाला सुट्टी मिळायची!

जाच होता तो हजेरीचा. गणपतीला सांगलीला आले, परतताना दोन दिवस जास्त राहिले, आणि सत्राच्या शेवटी हजेरी दीड टक्क्याने कमी भरली. परीक्षेला बसू द्यावे म्हणून विभागप्रमुखांच्या दाराशी तीन दिवस उभी होते. तेव्हा धर्माची चौकशी एकदा करा आणि हजेरीच्या नियमाची दोनदा.

नदीकाठी:
आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, कारण ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ या शब्दात दोन वेगळे प्रकार मिसळले जातात. मुंबईचे विल्सन (१८३२) किंवा सेंट झेवियर्स (१८६९) ही महाविद्यालये आहेत आणि त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची असते. ख्राइस्ट हेही १९६९ मध्ये सीएमआय या केरळमधील कॅथॉलिक संघाने काढलेले महाविद्यालयच होते, पण २००८ पासून ते अभिमत विद्यापीठ असल्याने अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी त्यांची स्वतःची असते. अल्पसंख्याक संस्थांमध्ये काही जागा त्या समाजासाठी असतात, हेही प्रवेशाचा अंदाज बांधताना धरावे.

साताऱ्याचा उपसंपादक:
आपल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, कारण अशी मुले दरवर्षी आमच्या डेस्कवर इंटर्नशिपसाठी येतात.

२०१९च्या महापुरात एका मोठ्या शहरात, इंग्रजी माध्यमातून, मीडियाची पदवी घेतलेला मुलगा आमच्याकडे होता. कॅमेरा उत्तम हाताळायचा, मोबाइलवर दहा मिनिटांत व्हिडिओ कापून द्यायचा. मी त्याला सांगलीची पूरस्थिती लिहायला सांगितली. त्याने लिहिले, ‘कृष्णेने रौद्र रूप धारण केले असून प्रचंड पाणी सोडण्यात येत आहे.’ मी विचारले, आयर्विनला किती फूट? त्याला आयर्विन हे पुलाचे नाव आहे हेच माहीत नव्हते. सांगलीतल्या बाईला रौद्र रूप नको असते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिला पाठ असते, आणि आज किती व कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, यावर ती धान्याची पोती माळ्यावर चढवायची की नाही हे ठरवते. त्या वर्षी पातळी ५७ फुटांवर गेली. पान सोडायला वीस मिनिटे उरलेली असताना मी ती बातमी स्वतः पुन्हा लिहिली.

दोष त्याच्या विद्यापीठाचा नव्हता. तिथे संवादाचे सिद्धान्त, माध्यमविषयक कायदे, चित्रीकरण, ध्वनिसंपादन, जाहिरात हे सगळे नीट शिकवले गेले होते, आणि ते शिकण्यासारखेच आहे. आमच्या पिढीने अब्रुनुकसानीचा कायदा पहिली नोटीस आल्यावर वाचला. तीन वर्षांत त्याने मराठीत एक ओळही लिहिली नव्हती, एवढीच उणीव होती.

आणि आजींना एक सांगावे. मराठी छपाई आणि पत्रकारिता यांच्याशी मिशनऱ्यांचा संबंध जुना आहे. अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी त्याचे संपादन केले. त्यात धर्मप्रचार होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याला उत्तर द्यायला आपल्याही लोकांनी लेखण्या उचलल्या. त्याआधी १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेही शेजारी-शेजारी दोन स्तंभांत, एक इंग्रजी आणि एक मराठी.

माझे मत: फी झेपत असेल तर पाठवा, पण सुट्टीत मुलीला कुठल्या तरी जिल्हा आवृत्तीत बसवा. फी झेपत नसेल तर कर्ज काढू नका. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर हा विषय शिकता येतो. मुंबईच्या झेवियर संज्ञापन संस्थेत तर मराठी पत्रकारितेचाही अभ्यासक्रम चालत आला आहे. आधी कोणत्याही विषयात पदवी घेऊन मग इकडे वळलेले माझे अर्धे सहकारी आहेत.

मिरजेचा पालक:
सर्वांचे आभार. काल रात्री जेवताना मुलीला विचारले, आयर्विनला धोक्याची पातळी किती? ताटावरून मान वर न करता ती म्हणाली, पंचेचाळीस. तेवढ्याने मला बरे वाटले. हजेरीचा नियम ती विद्यापीठाला स्वतः ईमेल करून विचारणार आहे.

आईला मात्र वॉनलेसची आठवण करून देण्याचा उपयोग झाला नाही. कलम २८ सांगून पाहिले, ‘ज्ञानोदय’ही सांगून पाहिला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘अरे, ते डॉक्टर होते. ही पेपरवाली होणार.’

साताऱ्याचा उपसंपादक:
आजींच्या या हरकतीवर माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई अजून हेच म्हणते.