कारवारच्या उथळ किनाऱ्यावर गळ टाकणं फुकट? अजिबात नाही

खानापूरचा_गळवाला: काल एकानं लिहिलं, "कारवारच्या वाळूत गुडघाभर पाणी, तिथं मासा कुठला? बेळगावातून डिझेल जाळण्यापेक्षा बाजारात बांगडा घ्या." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहायलोय. मुडदुशे हे काठाजवळचे मासे, ते वाळूतच चरतात. ओहोटीला जाऊन किनारा बघून ठेवा, वाळूचे बांध आणि त्यांच्यामागं पडलेले चर दिसतात. भरती चढायला लागली की मासा त्या चरांतनं काठाकडं येतो. लाट बांधावर फुटते, चरावर पाणी गडद आणि शांत. गळ तिथं पडला पाहिजे. लोक जोर लावून लांब फेकतात आणि मासा अलीकडंच राहतो. बारीक गरी (गळाचा आकडा), हलकं शिसं, ताज्या सुंगटाचा म्हणजे कोळंबीचा तुकडा, पहाटेची भरती. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला जावा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, मी जात नाही.

टिळकवाडीकर: पोस्ट माझीच होती. पोरांना घेऊन भर उन्हात उभा राहिलो. एक शिंगाळा गावला, त्याचा काटा पोराच्या हातात घुसला, रात्रभर कळ. तुमचे चर तुमच्यापाशी ठेवा.

खानापूरचा_गळवाला: दुपारच्या उन्हात काय गावणार ओ? शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. पोरगं बरं आहे ना आता?

कोडीबाग_माहेर: गळाचं सोडा. माझे आजोबा रांपणीवर, म्हणजे काठावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते. सगळा वाडा दोर ओढायला यायचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळायचा. सत्तरच्या दशकात पर्ससीनच्या, म्हणजे अख्ख्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या बोटी आल्या. तारली-बांगड्याचे थवे काठाला लागायच्या आधीच उचलले जायला लागले, रांपण बसली. किनाऱ्याला मासा कमी झाला तो यामुळं. पाणी उथळ तर आजोबांच्या वेळीही होतं.

शहापूरकर: पर्ससीन नसती तर बेळगावात बांगडा कुणाला परवडला असता, वहिनी? आजोबांचा काळ चांगला असेल, खरं घाटावरच्या माणसानं काय खायचं?

कोडीबाग_माहेर: तुमच्या स्वस्त बांगड्यापायी आमच्या वाड्यातली पोरं गोव्याला हॉटेलात भांडी घासतात! 2017 साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासा गोळा करून पकडण्यावर बंदी घातली, तरी माहेरी गेलं की रात्री समुद्रात उजेड दिसतोच. पिल्लंसुद्धा उचलतात.

शहापूरकर: एलईडी वाईट, मान्य. तेवढंच मान्य. पर्ससीनवाल्यांनाही बायकापोरं आहेत, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

खानापूरचा_गळवाला: मी गळाबद्दल लिहिलं होतं...

कोडीबाग_माहेर: मासाच उरला नाही तर गळ कशात टाकणार, दादा?

टिळकवाडीकर: बरं, पहाटेची भरती एकदा बघतो. डिझेलचा मुद्दा मी सोडलेला नाही.

कोडीबाग_माहेर: जावा की. खरं रांपण पडलेली असेल तिथं गळ टाकू नका, गरी अडकून जाळं फाटतं आणि शिवत बसायला आमची माणसं लागतात. बोटभर मुडदुशी असली तर परत पाण्यात सोडा.