ओंटॅरिओ प्लेस : तुमचं तिथं काय होतं?

गेल्या रविवारी आईचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ते पाण्यातल्या गोल घुमटाजवळ नेलं होतंस ना मला? दगडांवर बसून थर्मासातला चहा प्यायलो होतो. तिथं जाता का गं अजून?" मी म्हटलं, "जातो की," आणि विषय बदलला. तिथं आता कुंपण आहे हे सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला फोनवर सांगून काय मिळवायचं? पण फोन ठेवल्यापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

टोरांटोबाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. लेक ओंटॅरिओच्या काठाला भराव घालून प्रांत सरकारने बेटं तयार केली आणि २२ मे १९७१ ला त्यांवर ओंटॅरिओ प्लेस हे उद्यान सुरू झालं. वास्तुविशारद एबरहार्ड झाइडलर, तर झाडं, टेकाडं आणि पाणी यांची आखणी मायकेल हफ यांची. पाण्यावर टांगलेले पाच पांढरे पॉड, म्हणजे मोठी दालनं, आणि शेजारी आईचा तो गोल घुमट, सिनेस्फिअर, म्हणजे जगातलं पहिलं कायमस्वरूपी आयमॅक्स थिएटर. २०१२ मध्ये सरकारने ते बंद केलं. २०२१ मध्ये पुनर्विकास जाहीर झाला: पश्चिम बेटावर थर्म या युरोपीय कंपनीचा काचेचा अवाढव्य स्पा आणि वॉटरपार्क, भाडेपट्टा मुदतवाढ धरून ९५ वर्षांचा. तेव्हापासून शहरात जे दोन तट पडलेत ते आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही आहेत. मागच्या संक्रांतीला तिळगुळाचं कोण बघणार हे ठरवताना दोघांनी याच विषयावरून गट सोडला होता, आठवत असेल.

म्हणून एकच विनंती. काय व्हायला हवं होतं ते नको. तुमचं तिथं काय होतं, तेवढं लिहा.

जुना टोरांटोकर

मी १९७३ च्या सप्टेंबरात इथं उतरलो. पहिला हिवाळा कसा काढला ते विचारू नका. पुढच्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका गुजराती कुटुंबाच्या गाडीत आम्ही आठ जण कोंबून ओंटॅरिओ प्लेसला गेलो. सौ. भारतातून येऊन महिनाच झाला होता. डब्यात पुरी आणि बटाट्याची सुकी भाजी, वर वर्तमानपत्राचा कागद.

तिथं मुलांचं एक गाव होतं, चिल्ड्रन्स व्हिलेज. दोरांची जाळी चढायची, टांगलेल्या मोठमोठ्या ठोसापिशव्यांच्या रानातून वाट काढत जायचं. ते मुलांसाठी होतं, पण सौ. पाचवारी कमरेला खोचून त्या जाळीवर चढली. वर जाऊन ओरडली, "नऊवारी हवी होती!" खाली उभ्या गोऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. महिनाभर घरात मुसमुसणारी ही बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. मला ते उद्यान आठवतं ते या एका हसण्यासाठी.

दुसरी आठवण फोरमची. मधोमध फिरता रंगमंच, भोवती गवताची उतरंड, वर छप्पर. गायकाची पाठ आपल्याकडे आली की गप्पा मारून घ्यायच्या, तोंड फिरलं की गप्प बसायचं. १९९४ मध्ये तो फोरम पाडला आणि पुढच्या वर्षी तिथं मोठं अँफिथिएटर उभं राहिलं. आम्ही तेव्हा सह्या केल्या होत्या. पाडायचं ते पाडलंच. त्यामुळे आजच्या मुलांना वाटतं की हे पहिल्यांदाच होतंय, तसं नाही.

आणि एक गोष्ट तरुण मंडळींना खटकेल, पण सांगतो. आमच्या वेळी फाटकावर तिकीट होतं. फुकट काही नव्हतं.

पहाटपोहणी

काकांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. माझं ओंटॅरिओ प्लेस मात्र फुकटातलंच. २०१७ मध्ये पूर्वेच्या टोकाला ट्रिलियम पार्क झालं, मग बाकीच्या भागातही लोक हळूहळू फिरायला लागले. बंद पडलेलं, रंग उडालेलं, कोणाचंच नसलेलं. २०२० मध्ये तरणतलाव बंद झाले तेव्हा मी पश्चिम बेटावरच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पोहायला लागले.

कसं असतं ते सांगते. सकाळी साडेसहा. पायात रबरी बूट, कारण गोटे गोल असले तरी शेवाळलेले असतात आणि पाय सटकला की घोटा गेलाच. पाणी बारा अंश. गुडघ्यापर्यंत ठीक वाटतं. कमरेला पाणी लागलं की श्वास वरच अडकतो, आत जात नाही. तेव्हा घाबरायचं नाही, फक्त श्वास सोडत राहायचा. पन्नासपर्यंत मोजलं की त्वचा बधिर होते, आणि मग समोर पाणी आणि आभाळ यांच्यात फरकच उरत नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस मात्र कोणी उतरायचं नाही, कारण सांडपाण्याची वाहिनी जवळच सुटते. हा नियम मला एका पंच्याहत्तर वर्षांच्या युक्रेनियन आजींनी शिकवला. त्या बर्फ फोडूनही उतरत.

एकदा बाहेर आले तर माझ्या मोज्यावर एक मिंक बसलेला. मुंगसासारखा, पण तोरा जास्त. मोजा घेऊनच गेला.

मी घरी "लेककडे जाते" म्हणायचे. सासूबाईंना पहिले दोन महिने वाटायचं की मी कुणाच्या तरी मुलीला सांभाळायला जाते.

चाकांवरून

धागा अनुभवाचा आहे म्हणून अनुभवच लिहितो, राग मानू नका. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. पाण्यात तो वेगळाच माणूस असतो. ज्या गोट्यांच्या किनाऱ्यावर तुम्ही सगळे कविता करताय, तिथं मी त्याला २०२१ मध्ये नेलं. वाट संपली तिथून पाण्यापर्यंत तीसेक पावलं असतील. मी त्याला उचलून नेलं. तो बासष्ट किलोंचा. परत येताना माझी पाठ गेली आणि दोन अनोळखी मुलांनी आम्हांला दोघांनाही वर आणलं. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

जे ठिकाण अनेक वर्षं बंद पडून होतं, जिथं फरश्या उखडल्या होत्या, दिवे नव्हते, धड स्वच्छतागृह नव्हतं, त्याला "निसर्गानं परत घेतलं" म्हणायचं, हे धडधाकट माणसांचं लाड करणं आहे. इथं सहा महिने गारठा. उबदार पाणी, रॅम्प, उचलून पाण्यात सोडणारी खुर्ची, आणि हे सगळं जानेवारीतही. कुणी बांधणार असेल तर मी त्याचं झाड तोडणं मोजायला बसणार नाही. तिकीट किती असेल याची चिंता मलाही आहे.

पहाटपोहणी

चाकांवरून, तुमचं वाचून गप्प झाले. चार वर्षं रोज त्या वाटेनं गेले आणि ती वाट कुठं संपते ते माझ्या कधी लक्षात आलं नाही. एकच विचारते, भांडायला नाही. पाण्यापर्यंत रॅम्प करायला ९५ वर्षांचा करार लागतो का?

चाकांवरून

नाही लागत. पण पन्नास वर्षांत कुणी केला का?

ठिपकेवाली

माझा अनुभव जागेचा नाही, सभेचा आहे.

लोकांचं मत घ्यायला सभा ठेवल्या होत्या, त्यांतल्या एकीला गेले. वाटलं होतं खुर्च्या असतील, माइक असेल, लोक उठून बोलतील. आत गेल्यावर दारातच एका हसऱ्या मुलीनं हातात चिकटवायच्या गोल ठिपक्यांची पट्टी दिली. सहा हिरवे, सहा लाल. भिंतीला मोठमोठे फलक: बाक असा हवा की तसा, वाटेला फरशी की खडी, झुडपं कुठली. आवडलं तिथं हिरवा, नावडलं तिथं लाल. मी सगळं फिरून आले. स्पा हवा की नको असा फलकच नव्हता. मी त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "तो आजच्या चर्चेचा भाग नाही."

माझ्याकडे सहाच्या सहा लाल ठिपके उरले होते. शेजारी एक चिनी आजोबा होते, त्यांचेही उरले होते. त्यांनी काय केलं असेल? एका फलकावर आनंदी कुटुंबाचं चित्र होतं, त्यातल्या चौघांच्या कपाळाला एकेक लाल ठिपका लावला. टिकल्याच की! मी इतकी हसले की माझे दोन त्यांना दिले. उरलेले चार अजून माझ्या फ्रिजवर आहेत.

एवढं मात्र सांगते, ती मुलगी वाईट नव्हती. तिला ठिपके वाटायचं काम दिलं होतं, ती वाटत होती.

हिशेबनीस

पेशानं अकाउंटंट, त्यामुळे माझा अनुभव एका शनिवारचा आणि कागदांचा. डिसेंबर २०२४ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, तो पूर्ण वाचला. बायको म्हणाली, लग्नाच्या वाढदिवसाला दुसरं काही सुचलं नाही का? कंपनी निवडण्याची प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि उत्तरदायी नव्हती असं त्यात स्वच्छ म्हटलंय, आणि सरकारी तिजोरीचा वाटा २.२ अब्ज डॉलरच्या वर. मी प्रकल्पाच्या बाजूनं होतो. बंद जागा चालू होत असेल तर कोण नको म्हणेल? अहवालानंतर बाजू बदलली असं नाही, पण जेवणाच्या टेबलावर पूर्वीसारखं तावातावानं बोलणं बंद झालं.

शहर का नमलं असं बरेच जण विचारतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये महापौर ऑलिव्हिया चाऊ आणि प्रांताचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांच्यात करार झाला. गार्डिनर आणि डॉन व्हॅली हे दोन महामार्ग सांभाळण्याचा खर्च प्रांतानं अंगावर घेतला, शहरानं ओंटॅरिओ प्लेसचा विरोध सोडला. त्याच सुमारास आलेल्या कायद्यानं वारसा आणि पर्यावरणाच्या नेहमीच्या चाळण्यांतून हा प्रकल्प बाहेर काढला. ठिपकेवाली, तुमचे ठिपके कुठल्या कलमात बसणार होते?

रात्रपाळी

मी डाउनटाउनमधल्या एका हॉटेलात रात्रपाळी करतो, घरी लेकशोर बुलेव्हार्डनं जातो. ऑक्टोबर २०२४ ची सुरुवात. पहाटे परत येताना पश्चिम बेटावर प्रखर दिवे दिसले. वाटलं, शूटिंग असेल. इथं सारखं काही ना काही चालू असतं. गाडीची काच खाली केली तर करवतींचा आवाज. तरी डोक्यात आलं नाही. घरी जाऊन झोपलो, दुपारी उठलो तर फोनवर फोटो. आठशेहून जास्त झाडं गेली. भाडेपट्टा लोकांसमोर आला तोही त्याच आठवड्यात.

नंतरच्या सुट्टीला दुर्बीण घेऊन गेलो. मी काही पक्षीवाला नाही, पण माझं एक झाड होतं, विलो, आपल्या वाळुंजाच्या कुळातलं. पाण्यावर वाकलेलं. पाळी संपल्यावर अधूनमधून मी त्याच्याखाली अर्धा तास बसायचो, कारण घरी मुलं शाळेला निघायच्या गडबडीत असायची आणि मला लगेच कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. दुर्बिणीतून बेट सपाट दिसलं, पिवळट. ते झाड नक्की कुठं होतं ते ओळखता येईना. खूण म्हणून दुसरी झाडंच धरली होती ना.

चाकांवरूनचं म्हणणं मला पटतं. तरी ते दिवे रात्री का लावले, एवढं मला कुणी सांगावं.

प्रयोगशाळा

थोडं विषयांतर. सायन्स सेंटर, म्हणजे शहरातलं विज्ञान संग्रहालयही ओंटॅरिओ प्लेसला हलवायचं ठरलंय, म्हणून लिहिते. २१ जून २०२४ ला छताचं कारण देऊन ते अचानक बंद केलं. माझ्या भाचीला दुसऱ्या दिवशी तिथं न्यायचं कबूल केलं होतं. सात वर्षांची पोर बुटांचे बंद बांधून बसलेली. तिला मी सांगितलं, इमारत आजारी आहे. ती म्हणाली, "मग डॉक्टरला का नाही बोलवत, कुलूप का लावलं?"

जुना टोरांटोकर

चाकांवरून, तुमचा मुलगा आणि मी एकाच बोटीत आहोत हे आज कळलं. माझे गुडघे गेलेत, तो किनारा मला २०१९ पासूनच बंद. ट्रिलियम पार्कमध्ये वाट सपाट आहे, चाकं व्यवस्थित जातात. पाण्यात उतरता येत नाही, पण पाण्याजवळ बसता येतं. मोठ्या दगडांवर तिथल्या मूळ रहिवाशांच्या मोकॅसिनची, म्हणजे त्यांच्या पादत्राणांची, नक्षी कोरली आहे. आपण सगळे, प्रकल्पाच्या बाजूचे काय आणि विरोधातले काय, नंतर आलेलेच. कधी येणार ते कळवा, मी ५०९ ट्रामनं एक्झिबिशनच्या थांब्याला उतरून चालत येईन. वेळ लागेल, थांबा.

धागा काढणारी

अनुभवच लिहा म्हटलं होतं, बऱ्यापैकी पाळलंत. तिळगुळाच्या वेळचे दोघंही इथं आहेत हे मी ओळखलंय, नावं सांगत नाही.

काल शनिवारी मार्टिन गुडमन ट्रेलवरून चालत गेले. सिनेस्फिअर रस्त्यावरून दिसतंच. आईसाठी फोटो काढला आणि पाठवण्याआधी खालचा भाग कापला, म्हणजे कुंपण, पिवळ्या टोप्या आणि क्रेनचा पाय गेला. वर फक्त पांढरा घुमट आणि आभाळ.

पाचव्या मिनिटाला तिचं उत्तर आलं: "छान. पण अर्धाच का पाठवलास?"