तीन बेज शेड, कार्डावर सारख्याच. हॉलला कोणती धरू?

कळंबेकर
हॉल १२ बाय १८, उंची १० फूट, तळमजला. मोठी खिडकी एकच, तीही उत्तरेला. खाली जुनी कोटा फरशी, दारं सागवानी. शेडकार्डातल्या तीन बेज काढल्यात. दुकानात तिन्ही एकच वाटत होत्या. घरात दिवसा बघितलं तर एक गुलाबी मारतेय, एक मातकट, एक पिवळसर. पेंटर म्हणतोय, "कुठलीबी घ्या, भिंतीवर एकच दिसतंय." कोणती घेऊ आणि किती लिटर? पावसाआधी उरकायचंय.

रंगारी_शाहूपुरी
पेंटरचं इथं ऐकू नका. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळं कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक खोलीभर दुप्पट वाटते.

झाक ओळखायची तर तुकडे कापून कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. शेडकार्डाच्या त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेडही बघा, झाक तिथं उघडी पडते. तुमची कोटा हिरवट-करडी. हिरव्याशेजारी गुलाबी जास्तच गुलाबी दिसतं, म्हणून पहिली बाद. उत्तरेचा उजेड निळसर असतो, त्यात मातकट शेड सिमेंटसारखी थंड दिसते. राहिली पिवळसर. तीच घ्या, पण पट्टीत एक घर वरची, फिकट.

ट्यूबलाइट
पिवळसर लगेच पक्की करू नका राव. सागवानाचं पॉलिश आधीच पिवळं-तांबूस, त्यात संध्याकाळी ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचे दिवे लावले तर भिंती हळदीच्या होतील. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तीच शेड मस्त. म्हणजे आधी दिवे ठरवा, मग शेड. दुकानात तिन्ही एक दिसल्या त्याला तिथल्या ट्यूबाच कारण.

२०० मिलीची सॅम्पल बाटली मिळते, ती आणा. जुन्या भिंतीवर पट्टे ओढू नका, खालचा रंग डोळ्यांना फसवतो. दोन फुटी प्लायवर पांढरा प्रायमर, मग चार तासांच्या अंतरानं दोन हात, कडेनं इंचभर पांढरं सोडून. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, ओला असताना फिका दिसतो, वाळला की गडद होतो. त्यामुळं निकाल दुसऱ्या दिवशी. फळी उभीच धरा, एकदा स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीला) टेकवून आणि एकदा दाराच्या चौकटीशी. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून.

कळंबेकर
दिवे पांढरेच आहेत, बदलणार नाही. मग पिवळसर फिकट, पण आधी फळीवर. लिटरचं सांगा. आणि मॅट (बिनचकाकीचा) की शीन (हलक्या चकाकीचा)?

रंगारी_शाहूपुरी
परिघ ६० फूट गुणिले १० म्हणजे ६०० चौरस फूट. दारं-खिडकीचे ९० वजा केले की ५१०. पुट्टी-प्रायमर नीट असेल तर दोन हातांना लिटरला साधारण १३० चौरस फूट निघतात, म्हणजे ३.९ लिटर. ४ चा डबा अगदी काठावर पुरतो, म्हणून ४ चा आणि १ चा, दोन्ही एकाच वेळी, एकाच मशीनवर कालवून घ्या. घरी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. नंतर आणलेला लिटर शेडचा कोड तोच असून कणभर वेगळा निघतो, आणि बेजवर तो कणभरच डोळ्यात येतो. "त्या कंपनीची शेड या कंपनीत जुळवून देतो" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा.

मॅट घ्या. खिडकीचा उजेड भिंतीवर तिरका पडतो, शीनमध्ये पुट्टीचा प्रत्येक उंचवटा आणि रोलरची रेघ दिसते. मॅट पुसायला अवघड, एवढाच तोटा. लहान मुलं असतील तर धुण्याजोगा मॅट बघा.

ट्यूबलाइट
रंगाआधी एक काम. तळमजला आहे, तर भिंतीच्या खालच्या भागाला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, २४ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतच आहे. त्यावर रंग दिला तर पावसाळ्यात पांढरे क्षार आणि पोपडे येणारच. आधी ओलीचं बघा, शेड नंतर.