घरच्या शेडसाठी कार लिफ्ट: टू-पोस्ट, सिझर की सरळ पिट?

पद्मिनीवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ गावी घरामागं पत्र्याचं शेड आहे. रुंदी १४ फूट, खोली २० फूट. एकपाखी पत्रा, दाराकडं उंची १२ फूट, मागं १०. खाली शहाबादी फरशी. गाड्या दोनच, वडिलांची पद्मिनी आणि माझी जुनी स्कॉर्पिओ. धंदा करायचा नाही, सुट्टीच्या दिवशीचा नाद आहे. आजवर ट्रॉली जॅक आणि स्टँडवर भागवलं, पण आता पद्मिनीचा तळ खरवडून रंगवायचाय आणि स्कॉर्पिओचा क्लच घरीच बदलायचाय. उताणं झोपून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचं वय राहिलं नाही.

विक्रेता ४ टनी टू-पोस्ट (दोन खांबांची, गाडी चार हातांवर उचलणारी लिफ्ट) घ्या म्हणतोय, तीही थ्री-फेजवरची. घरी सिंगल फेज आहे. मेव्हणे म्हणतात, कशाला लाखो रुपये घालता, पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, खणा. काय करू?

तेलकट बाही
आधी काम बघा, मग लिफ्ट. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर मिड-राइज सिझर, म्हणजे कात्रीसारखी उघडून अर्ध्या उंचीपर्यंत जाणारी लिफ्ट, डोक्यातून काढून टाका. ब्रेक, टायर, रंगकाम यांना ती झकास, उंचीही कमी लागते. पण तिची कात्री बरोबर गाडीच्या पोटाखाली असते, आणि तुम्हाला नेमकं तिथंच जायचंय. फोर-पोस्टवर गाडी चाकांवर उभी राहते, म्हणजे ब्रेकच्या कामाला चाकं उचलणारा वेगळा जॅकिंग बीम आला. खाली-वर दोन गाड्या पार्क करायच्या असतील त्यांनी ती घ्यावी. तुमच्या कामाला टू-पोस्टच.

सागरेश्वर
भावा, उंची मोजली का नीट? टू-पोस्टमध्ये दोन जाती. एकीत केबल आणि होस (तेलाच्या नळ्या) वरून आडव्या तुळईतून जातात, खालची जमीन मोकळी. तिला साधारण १२ फूट किंवा जास्त लागतं, तुमच्याकडं बसणार नाही. दुसरीत हे सगळं खांबांच्या मध्ये जमिनीवरच्या चेकर्ड प्लेटखालून जातं. खांब साधारण सव्वानऊ-साडेनऊ फुटी असतात. ही बसेल. गिअरबॉक्स जॅक त्या प्लेटच्या उंचवट्यावरून ढकलताना शिव्या येतील तेवढ्याच.

पण खांब बसले म्हणजे गाडी बसली असं नाही. स्कॉर्पिओ जवळपास साडेसहा फूट उंच. तोंड आत करून लावली तर बॉनेट पत्र्याच्या बुटक्या बाजूला जातं आणि टप उंच बाजूला येतो. तरी टपाच्या पुढच्या कडेवर पत्रा पावणेअकरा फुटांच्या आसपास भरेल. सहा इंच मोकळे सोडले की चाकं जमिनीपासून साडेतीन-पावणेचार फूट वर. म्हणजे उभं राहून नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम. पद्मिनी बुटकी, ती पूर्ण वर जाईल. शेवटचं, या जातीला वरची तुळई नसते, त्यामुळं टप लागला की मोटर बंद करणारा दांडाही नसतो. खांबावर लिमिट स्विच बसवून घ्या, नाहीतर एक दिवस टप पत्र्याला भिडेल.

पद्मिनीवाला
@सागरेश्वर, तोंड आत करून लावायचं सुचलंच नव्हतं. गाडीचं पुढचं दार उघडायला रुंदी पुरेल?

सागरेश्वर
बहुतेक टू-पोस्ट बाहेरून बाहेर साडेतीन मीटरच्या आत असतात, म्हणजे साडेअकरा फूट. १४ फुटांत बसते, पण खांबाला खेटून कपाट ठेवायची स्वप्नं सोडा. दारासाठी असिमेट्रिक हात बघा. त्यात पुढचे हात आखूड असतात आणि गाडी थोडी मागं उभी राहते, त्यामुळं दार खांबाच्या मागं उघडतं.

मुरूम-खडी
मंडळी लिफ्टवर चर्चा करतायत आणि मला त्या शहाबादीची काळजी लागलीय. मी स्थापत्यवाला, लिफ्टमधलं मला कळत नाही, खालचं कळतं. शहाबादीखाली बहुधा माती किंवा चुन्याचा थर असणार. त्यात अँकर बोल्ट मारणं म्हणजे लोण्यात खिळा. दोन टनांची गाडी दोन खांबांच्या हातांवर लटकते तेव्हा खांब आतल्या बाजूला वाकायला बघतो. पायथ्याची बाहेरची कड उचलली जाते आणि तो सगळा ओढा बोल्टांवर येतो. म्हणून नुसती जाडी पाहू नका, बोल्ट कशात धरलाय ते पाहा.

पंचगंगेच्या पट्ट्यात काळी माती असेल तर आणखी एक भानगड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा स्लॅब तिच्याबरोबर हलतो आणि खांब ओळंब्यातून जातात. शेडभर फरशी काढा, काळी माती दोन-तीन फूट उपसा, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकून घ्या, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (बिनसळ्यांचं काँक्रीट), मग एम-२५ प्रतीची आरसीसी (सळ्यांचं काँक्रीट). लिफ्ट कंपन्यांच्या पुस्तकात चार ते सहा इंच किमान लिहिलेलं असतं. काळ्या मातीवर मी आठ इंच आणि दुहेरी जाळी सांगेन. खांबांखाली दोन सुटे ठोकळे टाकायचा सल्ला गवंडी देईल, स्वस्त पडतं म्हणून. ऐकू नका, एकसंध स्लॅब टाका. बोल्टांच्या जागा आधी आखून तिथून सळ्या बाजूला घ्या. खांबाखालची जागा पाणपातळीत, उतार हवा तर दाराशी द्या. आणि २८ दिवस पाणी मारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका, फिटर कितीही घाईत असला तरी.

रत्नांग्रीचा
पिटबद्दल. कोकणात आमच्या पिटात जूनपासून बेडूक असतात. पण खरी भीती पाण्याची नाही. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड, खड्ड्यात तळाशी साठतात. पद्मिनी पेट्रोलवरची, फ्युएल लाइन सोडली आणि खाली ग्राइंडरची ठिणगी उडाली तर संपलं. शिवाय चाकं जमिनीवरच, म्हणजे ब्रेकचं काम नाहीच. मेव्हण्यांना नमस्कार सांगा.

तेलकट बाही
+१. ऑइल बदलायला पिट चालतो, वेल्डिंगला नाही.

क्लीव्हलंडचा नाना
आमच्याकडं अमेरिकेत घरच्या गॅरेजसाठी लिफ्ट घेताना लोक एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं सोनेरी लेबल बघतात. युरोपात ईएन १४९३ हे मानक. तुम्ही घेताय त्यावर यातलं काही खरंच आहे का, प्रमाणपत्राची प्रत मागा, स्टिकरवर जाऊ नका.

चार टन म्हणजे प्रत्येक हाताला एक टन, हे लक्षात ठेवा. इंजिन पुढं असतं, भार समान वाटला जात नाही. स्कॉर्पिओला चार टन पुरेशी आहे. तिला चॅसिस (खालची सुटी लोखंडी चौकट) आहे, हात चॅसिसवरच लावायचे. पायरीची पट्टी मध्ये येते, म्हणून उंच अडॅप्टर लिफ्टबरोबरच मागून घ्या. पद्मिनीला मात्र सुटी चॅसिस नाही, बॉडीच सगळं तोलते. सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या) गंजले असतील आणि वर पुट्टी मारून रंगवले असतील तर हाताचं पॅड आत घुसेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. ठणठणीत आवाज हवा. भद्द वाजलं तर आधी सिलचं वेल्डिंग, मग लिफ्ट.

वायरमन विठू
थ्री-फेजची गरज नाही. २.२ किलोवॅटची मोटर सिंगल फेजवर मिळते, ऑर्डरमध्ये तसं लिहून घ्या. चालताना १५ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरातल्या १६ अँपिअर प्लगवर लावू नका. मीटरपासून वेगळी ६ चौरस मिमी तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, नीट अर्थिंग. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमते, तेव्हा बटण दाबून धरू नका.

अजून एक, जे विक्रेते सांगत नाहीत. वर घेतलेली गाडी खांबातल्या सेफ्टी लॉकवर टेकवलेली असते. खाली घ्यायच्या आधी ती थोडी वर उचलून लॉक सोडवावे लागतात, आणि त्याला वीज लागते. लाइट गेली की गाडी वरच. काही पॉवर पॅकना (मोटर-पंपाच्या संचांना) हातपंप येतो, तो मागा.

पद्मिनीवाला
सगळ्यांचे आभार. सिल ठोकून बघितले, डाव्या बाजूला मागं भद्द वाजतंय. आता क्रम असा: कोल्हापूरच्या उद्यमनगरातून सिलचे पत्रे वाकवून आणायचे, दिवाळीनंतर माती उपसायची, मग प्लेटवाली सिंगल फेज टू-पोस्ट. तोपर्यंत स्कॉर्पिओचा क्लच बाहेरच्या गॅरेजात. एका बंद पडलेल्या गॅरेजमधली सेकंडहँड लिफ्ट कळलीय, निम्म्या भावात. बघायला जाऊ का?

तेलकट बाही
जा, पण चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. केबलचा एक जरी तार तुटलेला दिसला तर केबल नवी धरून भाव करा. हात लॉक करणारे दाते झिजलेत का बघा, हात ताणून पूर्ण लांबवा आणि वाकलाय का ते दोरी लावून तपासा. गाडी वर घेऊन लॉकवर न टेकवता अर्धा तास सोडा. खाली सरकली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. स्क्रूवाली लिफ्ट असेल तर मुख्य नट आणि सेफ्टी नटमधली फट मोजून घ्या, कमी झाली असेल तर मुख्य नट खाल्लाय. जुने अँकर बोल्ट मात्र फुकट दिले तरी वापरू नका.