जलपर्णी काढली तरी परत येते, सल्ला हवा

तळेकाठी:
मंडळी, गेल्या उन्हाळ्यात तीन रविवार राबून आम्ही तळ्यातली जलपर्णी काढली. मोकळं पाणी बघून फार बरं वाटलं होतं. यंदा अर्धं तळं पुन्हा हिरवं. कोणी म्हणतं तणनाशक मारा, कोणी म्हणतं भुंगे सोडा. काय करावं?

गाळपेर:
काढलेली कुठे टाकलीत?

तळेकाठी:
काठावरच ढीग घातला होता.

गाळपेर:
तिथेच घात झाला. पाऊस पडला की ढिगातली हिरवी रोपं वाहून परत पाण्यात. ढीग पाण्यापासून लांब, उतार बघून घाला आणि पूर्ण वाळू द्या.
शिवाय हवा मानवली की ही दोन आठवड्यांत दुप्पट होते. बी तर गाळात 15-20 वर्षं तग धरतं. म्हणून एका मोहिमेवर भागत नाही, पंधरवड्याला काठ फिरावाच लागतो. लव्हाळ्यात हात घालून बघा, सांडव्याचा कोपरा बघा. बोटभर रोप, चकचकीत गोलसर पान, खाली मुळांचा काळसर झुपका दिसला की मुळासकट उचला. फूल येण्याआधीच.

पाणबुडी:
तणनाशक सरसकट मारू नका, कळकळीने सांगते. सगळी एकदम मेली की कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. हे मी पाहिलंय. पिण्याचं पाणी असेल तर विषयच नको.
जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे खरंच उपयोगी आहेत. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात 1990 च्या दशकात सोडले होते. पण परिणाम दिसायला काही वर्षं लागतात, आणि ते जाणकार संस्थेमार्फतच सोडावेत. साल्व्हिनिया या दुसऱ्या तरंगत्या तणाचा भुंगा वेगळा, तेव्हा आधी वनस्पती ओळखून घ्या.

गाळपेर:
आणि पाण्याखाली वाढणारं हायड्रिला हे तण असेल तर कापत सुटू नका. पेर असलेला तुकडासुद्धा नवीन रोप धरतो.
तळ्यात सांडपाणी येतं का? नत्र-स्फुरद मिळत राहिलं तर जलपर्णी येतच राहणार.

तळेकाठी:
एक नाला येतो. वास येतो त्याला.

पाणबुडी:
मग त्याचा बंदोबस्त आधी. तोवर नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडसर बांधा, वरून वाहून येणारी रोपं तिथेच अडतील. होडी, जाळी दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन खडखडीत वाळवा. माशांच्या टाकीतली झाडं तळ्यात सोडू नका, असं सगळ्यांना सांगा.

तळेकाठी:
उद्या सकाळी आधी तो ढीग हलवतो.